अर्धं पोतं मीठ

इंदापुरातल्या माझ्या घरमालकांना माती चाखायची सवय होती. वाकून चिमूटभर माती उचलायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, डोळे बारीक करून थांबायचं, मग बाजूला थुंकून निकाल द्यायचा. "गोड हाय," नाहीतर "बिघडत चाललीया." हे ते कुठंही करत. दुसऱ्याच्या बांधावर, देवळाच्या आवारात, आणि एकदा आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभात, पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं असताना. हेडमास्तरांनी दुरून भुवया उंचावून मला विचारलं, हे तुमचेच ना? मी कार्यक्रमपत्रिका वाचण्यात गढून गेलो. ती एकाच पानाची होती.

सगळे त्यांना आबा म्हणत. नीरेच्या डाव्या कालव्यावर ते मजूर म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन पेन्शनीत निघाले. निम्मी नोकरी पाटाचं पाणी सोडण्यात गेली, निम्मी चर खणण्यात. कालव्याचं पाणी आलं तेव्हा लोकांनी काळ्या रानात ते मनमुराद ओतलं. पाणी मुरून राहिलं, खालचं मीठ वर आलं, आणि चांगली रानं पांढरी पडली. मग साचलेलं पाणी बाहेर काढायला सरकारनं चर खणायला घेतले. पाणी सगळ्यांना हवं होतं, चर कुणालाच नको होता, कारण चर रानाचा एक पट्टा खातो. "पानी सोडनाऱ्याच्या गळ्यात हार," आबा म्हणत, "आन् चर खांदनाऱ्याच्या अंगावर कुत्रं." त्यांच्या पोटरीवर दातांचे व्रण होते. कोणता व्रण कोणत्या गावचा, हे ते न चुकता सांगत.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. "आलेलं पानी गेलं पायजे. पाहुना बी तसाच." मी त्यांचा भाडेकरू असल्यामुळे हे वाक्य मला दर वेळी थोडं लागायचं.

मी शाळेत शास्त्र शिकवत होतो. त्या काळी मी स्वतःला इंदापूर तालुक्यातला एकमेव शास्त्रज्ञ समजत असे. दुसरं कुणी तसं समजत नसल्यामुळे स्पर्धा नव्हती. मला बिनतारी यंत्राचा नाद होता. नुसतं ऐकण्याचा नव्हे, संदेश पाठवण्याचा. त्याचा सरकारी परवाना दीड वर्ष पत्रं लिहून मिळवला होता आणि चौकट करून भिंतीवर लावला होता. यंत्र मी स्वतः बांधलं होतं. दोन व्हॉल्व्ह, एक लाकडी पेटी आणि कट्ट-कडकट्ट करायची मोर्सची कळ. इंदापुरात वीज नव्हती. बॅटरी भरायला ती मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीनं बारामतीला जायचं, तिथल्या जिनिंगच्या इंजिनावर ती भरून आणायची. बॅटरीतल्या तेजाबानं माझ्या एकुलत्या एका कोटाला सात भोकं पाडली होती. मुलांना मी सांगायचो, हे प्रयोगाचे डाग आहेत.

संध्याकाळी हेडफोन कानाला लावला की कलकत्त्याची, रंगूनची, सिलोनची हौशी माणसं एकमेकांशी टकटक बोलताना ऐकू यायची. मीही त्यांना हाका मारायचो. आठ महिने मारल्या. एकानंही ओ दिली नाही. तिकडे हेडमास्तरांनी मात्र पालकांच्या सभेत जाहीर करून टाकलं होतं की आमचे एक शिक्षक जगाशी बोलतात. ते खोटं नव्हतं. जग ऐकत नव्हतं एवढंच.

मग एका विलायती मासिकात कारण सापडलं. दोष माझ्या एरियलमध्ये नव्हता, जमिनीत होता. एरियलची तार उभी असेल, तर तिच्या बुडापासून चहूकडे जमिनीत तारा पसराव्यात, प्रत्येक तार तेहतीस फुटांची. नाहीतर सगळी शक्ती मातीच पिऊन टाकते. आमचं परसू बावीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद होतं. त्यात काकींची, म्हणजे आबांच्या पत्नीची, वांगी होती, मेथीचे वाफे होते, धुण्याचा दगड होता आणि एक शेवगा होता. त्या शेवग्यालाच माझ्या एरियलचा बांबू बांधलेला होता.

मी परवानगी मागायला गेलो, आणि अशिक्षित माणसाला समजावून सांगायच्या खास आवाजात समजावलं. वीज तारेतून वर जाते, तिथून लहरी निघतात.

"वर गेली, बरं," आबा म्हणाले. "मंग परत कुठनं येती?"

"परत म्हणजे?"

"गेलेलं परत याया वाट नगं? खालच्या तारा त्यासाठीच असतील की."

मासिकात नेमकं हेच लिहिलं होतं. मला ते तीनदा वाचून कळलं होतं. मी म्हणालो, "तसं अगदी ढोबळमानानं म्हणता येईल."

"मंग तेहतीस फुटाचं येड कशाला? लांब चर दोन घालन्यापरीस आखूड चर ईस घाला. जितं पानी जास्त, तितंच धरायचं."

मी हसलो. पाटाचा मिस्त्री मला विजेचं शास्त्र शिकवत होता. तेवढ्यात काकी दारात आल्या. "मास्तर, बिनतारी म्हनता न्हवं? मंग ह्यो तारांचा पसारा कशाला?"

याला मासिकात उत्तर नव्हतं.

परवानगी मिळाली, पण वाफ्यांना हात लावायचा नाही या अटीवर. मी तेहतीस फूट सोडायला तयार नव्हतो. चार तारा घेतल्या. एक भिंतीच्या कडेनं वळवली, दुसरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याखालून ओटीवर नेली, तिसरी गल्लीच्या गटारातून. चौथी शेजारच्या तेलाच्या घाण्याच्या आवारात सोडली. घाणेवाल्याला मी सांगितलं होतं की तार जमिनीखाली एक वीत पुरतो. खरं तर तिथली जमीन टणक होती आणि मी आळशी होतो, म्हणून नुसता पालापाचोळा टाकला. दुसऱ्या दिवशी घाण्याच्या बैलाच्या पायात ती तार अडकली. बैलाच्या डोळ्यांना झापडं होती. तो आपला इमानानं गोल फिरत राहिला आणि माझी तार घाण्यावर गुंडाळत राहिला. मी शाळेतून आलो तेव्हा बांबू घाण्याच्या दिशेनं वाकून नमस्कार करत होता आणि शेवग्याची मोठी फांदी काकींच्या धुण्यावर पडली होती. घाणेवाला म्हणाला, "मास्तर, तुमचं यंत्र लागलं वाटतं. बैल आज लई जोरात वडत व्हता."

त्यानंतर जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. त्याच मासिकात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. जागा कमी असेल तर तारांभोवतीच्या मातीत मीठ मिसळून भरपूर पाणी घालावं, माती वीज चांगली वाहून नेते. आबा आणि काकी पंधरा दिवसांसाठी कळंबला लेकीकडे जायला निघाले होते. जाताना काकींनी वाफ्यांना पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवलं. "तुमच्यावर इस्वास हाय म्हनून," त्या म्हणाल्या.

ते गेले त्याच दिवशी मी अर्धं पोतं खडेमीठ आणलं. मिठासाठी माणसं तुरुंगात गेली होती त्याला फार वर्षं झाली नव्हती. दुकानदारानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी वांग्यांच्या मधून आणि मेथीच्या वाफ्यांतून तारा पुरल्या, त्यावर मीठ पसरलं आणि काकींना दिलेल्या शब्दाप्रमाणे रोज पाणी घातलं. मिठानं पिकाचं काय होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. खारवट जमिनीचा धडा मी त्याच वर्षी मुलांना शिकवला होता. फळ्यावर आकृतीही काढली होती. पण फळ्यावरची जमीन वेगळी आणि परसातली वेगळी, असा माझा काहीतरी समज असावा. आठवड्यात मेथी पिवळी पडली, वांग्यांची पानं कडेनं करपली. मी जास्त पाणी घातलं. संदेशाला उत्तर आलं नाही ते नाहीच.

आबा परतले, पिशवी खाली न ठेवता परसात गेले आणि उभे राहिले. काकींनी करपलेल्या एका वांग्याच्या झाडाला हात लावला तर पान हातात आलं.

"ऊन फार होतं," मी म्हणालो.

आबांनी चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली. या वेळी ते थुंकले नाहीत. मग दुसरी चिमूट उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"चाखा."

मी चाखली.

"किती?"

"अर्धं पोतं."

काकी आत निघून गेल्या. आबा धुण्याच्या दगडावर बसले. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. आधी परवान्याची चौकट, मग पेटी, मग कोट. आबा म्हणाले, "उद्या शाळा हाय?"

"आहे."

"मंग सकाळी पाचला उठा. कुदळ मी देतो."

पुढचे तीन आठवडे मी शाळेच्या आधी आणि शाळेनंतर खणत होतो. जिथं मीठ दाट होतं तिथली माती टोपल्यांनी उचलून गल्लीबाहेर टाकली. मग आबांनी दोरी लावून परसाचा उतार पाहिला आणि गटाराकडचा कोपरा धरून पंख्याच्या काड्यांसारखे आखूड चर आखले. मोजून अठरा, एकही बारा फुटांच्या वर नाही. वर वाफ्यांत पाणी ओतायचं, ते मीठ घेऊन चरात उतरायचं आणि कोपऱ्यातून बाहेर पडायचं. पाणी आणायचं चौकातल्या आडावरून, कावडीनं. माझ्या वर्गातली मुलं आडावर यायची. एकानं विचारलं, "सर, हा पण प्रयोग आहे का?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सबंध वर्ग प्रयोग बघायला आला.

आबा बोलले ते खणता खणता. न विचारता, वर न बघता.

"म्या बी टाकलंय मीठ," ते म्हणाले.

मी कुदळ थांबवली.

"पाटावर नवा नवा मिस्त्री झालो व्हतो. अंथुर्ण्याला थोरल्या भावाचं रान, सा एकर. भावाचं रान म्हनून पाळी नसताना पानी सोडायचो. ऊस असा वाढला का लोक बघाया यायचे. चौथ्या वर्सी रान पांढरं." त्यांनी चराची कड हातानं सारखी केली. "मंग सरकारनं चर काढलं. म्या साहेबाच्या पाया पडून पयला चर भावाच्या रानातनं आखून घेतला. गेलो तर भाऊ बांधावर हुभा. म्हनला, आदी पानी दिऊन मारलंस, आता खांदून मारतोस व्हय? चर झाला न्हाय. बावीस वर्सं झाली. बोलत न्हाय."

"तुम्ही पुन्हा गेला नाहीत?"

"दर साली जातो. बसतो. उठून येतो."

मी पुन्हा कुदळ उचलली. पाठ दुखायची मात्र एकदम थांबली.

माती धुऊन झाली तेव्हा आबांनी त्यात दगडगोटे भरायला लावले. वर माती टाकायची वेळ आली तसे म्हणाले, "आता तुमच्या तारा घाला. चरागणिक एक. आन् समद्या जितं मिळतात, तितं बांबू हुभा करा." मी इतके दिवस पाळलेली तेहतीस फुटांची श्रद्धा कापून बारा-बारा फुटांचे तुकडे केले. आपल्या शास्त्राचे असे तुकडे करणं जड जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. पकड चांगली होती.

आणि चार-पाच संध्याकाळींत सिलोनहून ओ आली. चहाच्या मळ्यावरचा कुणी हौशी होता. माझं नाव त्यानं परत ठोकलं तेव्हा मी ते भिंतीवरच्या परवान्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं. पुढे दहा-बारा दिवसांत ऐकू आल्याची पावती म्हणून त्याचं कार्डही टपालानं आलं. ते शाळेत सगळ्यांनी पाहिलं, हेडमास्तरांनी दोनदा. पुढे लढाई सुरू झाली तेव्हा सरकारनं सगळ्यांचे परवाने रद्द करून यंत्रं जमा करून घेतली, त्यात माझी पेटीही गेली. पण त्याला अजून अवकाश होता. कार्ड हातात पडलं त्या दिवशी मी ते घेऊन धावत परसात गेलो.

"आबा, कार्ड आलं! सिलोनला माझं ऐकू गेलं!"

आबा वाफ्यापाशी उकिडवे बसले होते. "मेथी उगवली," ते म्हणाले.

आम्ही दोघंही आपापलीच बातमी पुन्हा सांगत राहिलो. काकींनी दोघांकडे बघितलं आणि आत जाऊन चहा टाकला.

मेथी वीतभर झाली तेव्हा आबांनी ती मुळासकट उपटून दोन जुड्या बांधल्या आणि मला म्हणाले, "ऐतवारी मोकळं हायसा न्हवं? अंथुर्ण्याला जाऊ." मला वाटलं ओझं धरायला नेतायत. मी कोट घातला.

थोरले बंधू निंबाखाली बाजेवर बसले होते. सत्तरीचे असावेत. आबांनी पायातलं काढून ठेवलं आणि समोर जमिनीवर बसले. मी त्यांच्या बाजूला. घरातून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोन म्हनायचं तुमी?"

"इंदापूरला मास्तर आहे. यांच्याकडे भाड्यानं राहतो."

"मंग त्यास्नी इचारा, का आलाय."

आबा तीन फुटांवर होते. मी मान वळवली. "आबा, दादा विचारतायत, का आलात."

"भाजी द्याया आलोय म्हनावं."

"भाजी द्यायला आलेत."

"भाजी हितं बी मिळती म्हनावं."

मी तेही पोचवलं. आबांनी जुड्या बाजेकडे सरकवल्या. मग म्हणाले, "मास्तर, तुमी काय केलंसा ते त्यास्नी सांगा."

मला इथं कशाला आणलं ते आत्ता कळलं. मी सांगायला लागलो. आधी जरा शास्त्रीय भाषेत, पण ती दोन वाक्यांत संपली. मग सरळ सांगितलं. मीठ, काकींची वांगी, ऊन फार होतं असं खोटं बोललो ते.

"कशापायी केलंसा?" थोरल्यांनी विचारलं.

"सिलोनमधल्या माणसाशी बोलायचं होतं."

"पाहुना हाय?"

"नाही. ओळख नाही."

"मंग बोललासा काय?"

मी खरं तेच सांगितलं. "त्यानं कळवलं, तिकडे पाऊस पडतोय. मी कळवलं, इकडे नाही."

थोरल्यांनी माझ्या कोटाची भोकं मोजल्यासारखी पाहिली. त्यांच्या मिशा हलल्या. "आन् त्यापायी फुलाला आलेली वांगी मारलीसा," ते म्हणाले. मला वाटलं ते हसतायत, पण त्यांनी तोंड फिरवून मेथीची जुडी उचलली. मुळांना माती चिकटलेली होती. ती त्यांनी अंगठ्यानं चोळली.

"ह्या मातीत मीठ व्हतं?"

"अर्धं पोतं."

"आन् किती दिसांनी उगवलं?"

"तीन आठवडे धुतलं. मग पेरलं, ते लगेच उगवलं."

त्यांनी एक पान तोडून तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं. समोर त्यांचं रान दिसत होतं. कडेला थोडं गवत, बाकी पांढरं, उन्हात डोळ्यांना खुपणारं.

"त्यास्नी म्हनावं, माजं रान परसाएवढं न्हाय. सा एकर हाय."

"आबा, ते म्हणतात..."

"ऐकलं. म्हनावं, चर बी तेवढं खांदू."

"कोन खांदनार म्हनावं? सरकार?"

"सरकार न्हाय. मी हाय, पेन्शनीत हाय." आबांनी माझ्याकडे बोट केलं. "आन् सुट्टीत हे मास्तर हायत."

माझी उन्हाळ्याची सुट्टी अशी परस्पर दिली गेली. मी थोरल्यांना निरोप सांगितला, "सुट्टीत मी आहे." माझ्या सुट्टीबद्दल असूनही तो निरोपच होता. ती सुट्टी आणि त्यापुढचीही मी खरोखर तिथं खणण्यात घालवली. तिसऱ्या वर्षी त्या रानात ज्वारी उभी राहिली, पण ते सगळं नंतरचं.

थोरले बाजेवरून उतरले. उतरायला त्यांना वेळ लागला. आबांचा हात अर्ध्यापर्यंत पुढे गेला आणि मागं आला.

"चर कुठनं घ्यायचा म्हनतोय, इचारा," थोरले मला म्हणाले.

मी आबांकडे वळलो, तर ते आधीच उठून रानाकडे चालू लागले होते, भराभर, अनवाणी, हातानं हवेत रेघ ओढत. मी हाक मारायला तोंड उघडलं. त्याआधीच माझ्या मागून आवाज आला, मोठा आणि चिडका, थोरल्या भावाचा असतो तसा.

"आरं, पायताण घाल! तितं समदा काटा हाय."

आबा जागच्या जागी थांबले. परत आले, खाली बसले आणि वहाणा घालायला लागले. वहाणा घालायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. थोरले काठीवर भार देऊन त्यांच्यासाठी उभे राहिले. मग दोघं बांधाच्या दिशेनं गेले. इकडचं तिकडं सांगायला त्यांनी मला काही ठेवलं नव्हतं. मी निंबाखाली बसलो आणि तांब्यातलं पाणी प्यालो.